वडाचं बोन्साय विमानाने न्यावं का? इंदूरहून बेंगळुरूला निघालेल्या तीन झाडांबद्दल

प्रश्न असा आहे. इंदूरचं घर आवरून एक ताई जूनअखेर मुलीकडे बेंगळुरूला कायमच्या राहायला जाताहेत. घरात तीन बोन्साय आहेत. सासऱ्यांनी लावलेला वड, कुंडीसकट दीड फूट उंच. मधल्या आकाराचं, वडाच्याच कुळातलं एक फायकस, साधारण फूटभराचं. आणि वीतभर उंचीचं, जाड पानांचं जेड. ही झाडं विमानातून नेता येतील का, सामानात टाकायची की हातात धरायची, निघताना पाणी घालायचं का, आणि पुढेमागे मुलाकडे न्यू जर्सीला यातलं एखादं पोचवता येईल का, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, आधी निकाल सांगतो. जेड खुशाल हातात न्या. फायकसही नेता येईल, पण त्याची तयारी आजपासून करावी लागेल. वड विमानाने नेऊ नका, तो गाडीने किंवा रेल्वेने जाऊ द्या. न्यू जर्सीचं तेवढं मनातून काढून टाका.

बहुतेकांना भीती वाटते ती विमानाची: वरची विरळ हवा, थंडी, एक्स-रे. यातल्या कशानेही तुमचं झाड मरणार नाही. विमानाच्या आतला हवेचा दाब साधारण ६ ते ८ हजार फूट उंचीवर असतो तेवढा राखलेला असतो. उटी साधारण ७ हजार ३०० फुटांवर आहे आणि तिथे झाडं सुखाने वाढतात. केबिनमधली हवा कोरडी असते हे खरं, आर्द्रता अनेकदा २० टक्क्यांच्याही खाली जाते. पण मे महिन्यात आपल्या गच्चीवर दुपारी जी हवा असते ती काही फार वेगळी नसते, आणि तुमचं झाड तिथे वर्षानुवर्षं उभं आहे. इंदूर ते बेंगळुरू उड्डाण दोन तासांच्या आतबाहेरचं. एक्स-रेचा डोस इतका क्षुल्लक असतो की पानालाही त्याची खबर लागत नाही. अंधाराचं म्हणाल तर फायकस दोन-तीन दिवस खोक्यात बंद राहिलं तरी तग धरतं.

मग घोडं पेंड खातं कुठे? झाड कुंडीत हलतं तिथे. गाडीचे धक्के, सरकत्या पट्ट्यावरचा आपट, वरच्या कप्प्यात कुणीतरी ढकललेली ट्रॉली बॅग. खोड प्रत्येक वेळी दोन मिलिमीटर जरी डोललं तरी मुळांची टोकं तुटत राहतात. पाणी शोषणारी मुळं हीच, केसासारखी बारीक. वरून झाड दोन आठवडे ताजं दिसतं, मग एकाएकी पानं पिवळी पडतात आणि दोष विमानाला जातो.

म्हणून तिकीट काढण्याआधी एक परीक्षा घ्या. जमिनीवर जुनी गादी किंवा घडी घातलेली सतरंजी अंथरा, झाडाचं खोड बुंध्याशी घट्ट धरा आणि हळूच दोन इंच वर उचला. कुंडी खोडाबरोबर वर आली तर झाड प्रवासाला तयार आहे. झाड हललं, माती भेगाळली किंवा कुंडी खालीच राहिली, तर नाही. बाकी सगळी बांधाबांध या एका गोष्टीपुढे दुय्यम आहे.

बोन्साय लावतानाच निचऱ्याच्या भोकांतून तार ओवून मुळं आवळलेली असतील तर तुमचं काम झालंच. पण आपल्याकडच्या जुन्या झाडांत ती तार बहुधा नसते, आणि असली तरी वीस वर्षांत गंजून गेलेली असते. प्रवासापुरतं झाड वरून बांधता येतं. मातीवर ओल्या स्फॅग्नम मॉसचा (वाळवलेल्या शेवाळाचा) किंवा भिजवून पिळलेल्या जुन्या सुती साडीच्या पट्ट्यांचा थर द्या. त्यावर खोडाच्या दोन्ही बाजूंना बांबूच्या दोन चपट्या कामट्या आडव्या ठेवा, कुंडीच्या काठापेक्षा थोड्या लांब. मग सुतळी कुंडीच्या तळाखालून घेऊन कामट्यांवरून आवळा, दोन्ही दिशांनी, अधिक चिन्हासारखी. सुतळी खोडाला किंवा मुळांना थेट लागू देऊ नका, दाब कामट्यांवर यायला हवा. त्यानंतर अख्खी कुंडी काठापर्यंत प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि पिशवीचं तोंड बुंध्याशी सैलसर बांधा, म्हणजे ओल आत राहते आणि शेजाऱ्याच्या लॅपटॉपवर माती सांडत नाही. वरचा फांद्यांचा भाग मात्र उघडा ठेवा. पानांवर प्लॅस्टिक गुंडाळलं की गाडीत पाच मिनिटं उन्हात थांबलात तरी आत वाफ होते.

एवढं केल्यावर पुन्हा तीच उचलायची परीक्षा. आणि आता आणखी एक, धीर करून: झाड सरळ आडवं करा. माती सांडली नाही, काही सरकलं नाही, तर हे झाड चार-सहा तास आडवं पडून प्रवास करू शकतं. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण खोक्याचं गणित त्याशिवाय जमत नाही.

देशांतर्गत विमानात हातातल्या सामानाची मर्यादा इकॉनॉमीत सहसा ७ किलो, आणि लांबी-रुंदी-उंची मिळून ११५ सेंटिमीटरच्या आसपास. कंपनीगणिक थोडा फरक पडतो, तेव्हा तिकिटावरचा आकडा पाहा. लोक बॅगेच्या लांबीचा ५५ सेंटिमीटर हा आकडा वाचतात आणि म्हणतात, माझं झाड ५० सेंटिमीटरच आहे. अहो, पण ती ५५ सेंटिमीटरची बॅग वरच्या कप्प्यात आडवी झोपते. तिथे उभी उंची मिळते ती पंचवीस, फार तर तीस-पस्तीस सेंटिमीटर. समोरच्या सीटखाली तर त्याहून कमी. म्हणजे उभं न्यायचं तर झाड कुंडीसकट वीस-बावीस सेंटिमीटरच्या आत हवं. तुमचं जेड बसतं. फायकस फूटभराचं म्हणजे तीस सेंटिमीटर, ते आडवंच जाणार. त्याला बांधण्यावर एवढा जोर देतोय तो त्यामुळे. विमान छोटं एटीआर असेल तर वरचे कप्पे आणखी लहान असतात. बुकिंग करतानाच विमानाचा प्रकार बघून घ्या, तो तिथे लिहिलेला असतो.

आता वजन. कुंडीची आतली लांबी, रुंदी आणि खोली सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करा आणि हजाराने भागा, म्हणजे लिटर मिळतात. फायकसची कुंडी समजा २५ बाय १८ बाय ६, म्हणजे २.७ लिटर. ओल्या मातीचं वजन लिटरला सव्वा ते दीड किलो धरा, म्हणजे साडेतीन-चार किलो. सिरॅमिक कुंडी दीड किलो, झाड आणि खोकं मिळून एक किलो. साडेसहाच्या आसपास जातं, म्हणजे ७ किलोच्या अगदी काठावर, आणि पर्स अजून धरलीच नाही. तुमच्या वडाची कुंडी ४० बाय २८ बाय ८ असेल तर जवळजवळ नऊ लिटर, म्हणजे नुसती माती अकरा ते तेरा किलो आणि वर चार किलोची कुंडी. त्याचा प्रश्न तिथेच संपला.

मातीचा प्रकारही बघा. इंदुरात अनेकांनी बोन्सायच्या मिश्रणात निदान थोडी माळव्याची काळी माती घातलेली असते. ती पाणी धरून बसते, ओली असताना शिशासारखी जड होते आणि वाळली की तडकून मुळांपासून सुटते. प्रवासाला दोन्ही वाईट. विटांचा चुरा, जाड वाळू आणि पोयटा असं भुसभुशीत मिश्रण असेल तर आनंद आहे. नसेल तर आता घाईघाईने माती बदलू नका. पुनर्लागवड आणि प्रवास यांत निदान सहा-आठ आठवड्यांचं अंतर हवं, आणि ते तुमच्याकडे नाही. मातीचं काम पुढच्या पावसाळ्यात बेंगळुरूला करा.

मग पाणी कधी घालायचं? निघायच्या आदल्या दिवशी सकाळी कुंडी टबात ठेवून बुडबुडे थांबेपर्यंत भिजवा, बाहेर काढा आणि एका बाजूने उचलून तिरकी ठेवून दिवसभर निथळू द्या. रात्रीपर्यंत माती ओलसर राहते, पण टपकत नाही. निघताना वरून तांब्याभर पाणी ओतायची आपली सवय असते, जणू पाहुण्याला पाणी विचारल्यावाचून पाठवायचं नाही. तो मोह आवरा. ते पाणी थेट पिशवीत साचतं आणि तुमचं वजन वाढवतं. जेडचं वेगळं. ते पानांत पाणी साठवतं, त्याला पाच-सहा दिवस आधीपासून पाणी बंद ठेवा. भरपूर पाणी प्यालेल्या जेडची पानं काचेसारखी तडकतात, नुसता धक्का लागला तरी गळतात. थोडं तहानलेलं जेड लवचीक असतं.

छाटणीचं वेळापत्रक फायकससाठी महत्त्वाचं आहे. वड, पिंपळ, उंबर आणि दुकानात फायकस म्हणून मिळणारी सगळी मंडळी एकाच कुळातली, छाटली की पांढरा चीक येतो. तो कपड्यावर पडला तर डाग जात नाही, आणि खोक्यात कागदाला चिकटून पानं फाटतात ती वेगळीच. लांब वाढलेले शेंडे निघण्याआधी निदान आठ-दहा दिवस छाटा. मोठी पानं एक आड एक काढलीत तरी चालेल, झाडाचं बाष्पीभवन कमी होतं आणि खोक्यात जागा होते. जेडला मात्र पानं काढायच्या भानगडीत पडू नका. खत दोन-तीन आठवडे आधी थांबवा. वरच्या थरातलं शेणखत चमच्याने खरवडून काढून टाका. सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इथेच काम करून कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ जगाला दिली हे आपण अभिमानाने सांगतो, पण ते कंपोस्ट दोन तास बंद केबिनमध्ये शेजाऱ्याच्या नाकाशी नेण्यात काही अभिमान नाही.

पानं उलटी करून पिठ्या ढेकूण आणि खवले कीड आहे का ते बघा. फायकसची कोवळी पानं कडेने दुमडलेली दिसली तर आत फुलकिडे असतात. उपचार पंधरा दिवस आधी करा. आदल्या दिवशी निंबोळी तेल फवारलं तर खोक्यात त्याचा उग्र वास कोंडतो आणि तेलकट पानांची रंध्रं बुजतात. नव्याने तार गुंडाळून फांद्यांना वळण देण्याचं कामही आता नको. आधीची तार असेल ती सैल आहे का बघा. सैल असेल तर काढा, घट्ट बसलेली असेल तर राहू द्या.

विमानतळावर आता काय होतं ते सांगतो. घरच्या झाडासाठी देशातल्या देशात सहसा कुठलाही कागद लागत नाही. पण सुरक्षा तपासणीत पडद्यावर जे दिसतं ते असं: मातीचा एक गडद ठोकळा आणि त्यावर धातूच्या तारांची वेटोळी. सीआयएसएफचा जवान खोकं उघडायला लावणारच, आणि त्याने लावावंच. तेव्हा खोक्याला चिकटपट्टी मारू नका. झाकण सुतळीने गाठ सुटेल असं बांधा. पट्ट्यावर ठेवण्याआधीच सांगा की आत झाड आहे. इंदूरला ‘भैया, बोन्साय है, पौधा है’ एवढं पुरतं. शेवटचा शब्द तिथल्या अधिकाऱ्याचा असतो, त्यामुळे वाद घालू नका. विमान कंपनीला आठवडाभर आधी ईमेल करून झाडाची मापं आणि वजन कळवा, आणि आलेलं उत्तर छापून जवळ ठेवा. काउंटरवरच्या माणसाला नियम पाठ नसतो, पण आपल्याच कंपनीचा कागद तो मानतो. घरचं कुणीतरी आत जाईपर्यंत बाहेर थांबलेलं असू दे. नाहीच सोडलं तर झाड परत घरी जाऊ शकतं.

अवजारं मात्र एकही हातातल्या सामानात नको. कात्री, कॉन्केव्ह कटर (फांदी खोडाशी खोलगट कापायची पक्कड), तार कापायची पक्कड, मुळं विंचरायचा आकडा, तारेची रिळं, सगळं चेक-इन बॅगेत. कॉन्केव्ह कटर महाग असतो, आणि तपासणीत काढून घेतला की परत मिळत नाही. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांचं झाड सुखरूप गेलं आणि जपानी कटर मात्र टेबलावर राहिला. कीटकनाशकाची बाटली, स्प्रेचा डबा किंवा सुकलेल्या फांदीला पांढरी करायला वापरतात ते लाइम सल्फर हे कुठल्याच बॅगेत नको. ती घातक द्रव्यं ठरतात. तिकडे विकत घ्या.

खोकं पुठ्ठ्याचंच बरं. चोइथराम मंडीत किंवा कुठल्याही फळवाल्याकडे सफरचंदाची रिकामी खोकी मिळतात. पुठ्ठा जाड असतो आणि हवेची भोकं आयती पाडलेली. मर्यादेच्या मापात कापून घ्या. फायकस आडवं ठेवताना कुंडी एका टोकाला, तिच्या चारी बाजूंना थर्माकोलचे तुकडे इतके घट्ट की खोकं हलवलं तरी कुंडी हलणार नाही. फांद्यांच्या बाजूला मात्र काही कोंबू नका. दोन फांद्यांच्या मधे चुरगाळलेल्या टिश्यूचे किंवा जुन्या ओढणीचे सैल बोळे ठेवले की पुरे. खोक्यावर वरची बाजू कुठली ते मोठ्या अक्षरांत लिहा, इंग्रजीत आणि हिंदीत. सीट निवडताना पहिली रांग आणि आपत्कालीन दाराची रांग टाळा. तिथे पायाशी काही ठेवू देत नाहीत आणि खोकं वर जातं. खिडकीची जागा घ्या, म्हणजे कुणी ओलांडून जाताना पाय लागत नाही. आणि विमानात लवकर चढा. उशीर झाला की वरचे कप्पे भरतात, मग हवाई सुंदरी तुमचं खोकं खालच्या मालात टाकायला सांगते.

खालचा माल म्हणजे चेक-इन. तिथेही हवेचा दाब केबिनइतकाच असतो, झाड गुदमरत नाही. प्रश्न आहे तो हाताळणीचा. ‘नाजूक’ असा स्टिकर लावून मिळतो, पण त्या स्टिकरवर भरवसा ठेवून झाड पाठवायला मी सांगणार नाही. पट्ट्यावर बॅगा एकमेकींवर कोसळतात आणि भर दुपारी ट्रॉली विमानापाशी किती वेळ तापत उभी राहील ते कुणाच्या हातात नसतं.

आता वड. विमानाच्या कार्गोने तो जाऊ शकतो, जिवंत झाडं नाशवंत माल म्हणून घेतात. पण कार्गोत नुसतं वजन बघत नाहीत. खोक्याच्या आकाराचं वजन काढतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ६ हजारने भागायचं. तुमच्या वडाला ७० बाय ५५ बाय ६५ चं खोकं लागेल. त्याचं आकारमानी वजन जवळपास ४२ किलो निघतं, प्रत्यक्षात झाड वीस किलोचं असलं तरी. पैसे जाऊ द्या, पण खोकं गोदामात एकटं पडणार, आणि ते आडवं-उभं कुणी कसं ठेवलं ते तुम्हाला कळणारही नाही. घरातली तीस-पस्तीस वर्षांची खूण अशी पाठवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मुलगी-जावई गाडीने येणार असतील तर मागच्या सीटपुढची पाय ठेवायची जागा सगळ्यात चांगली. तिथे धक्के कमी बसतात. डिकी नको, ती तापते. वाटेत एक मुक्काम करा, रात्री झाड गाडीतून काढून मोकळ्या हवेत ठेवा आणि सकाळी पानांवर पाणी शिंपडून पुन्हा निघा. एसीचा झोत थेट पानांवर येऊ देऊ नका. गाडी नसेल तर महूहून बेंगळुरूतल्या यशवंतपूरला साप्ताहिक रेल्वेगाडी आहे. एसी डब्यात खालचा बर्थ घेतला तर झाड डोळ्यासमोर राहतं. वेळ जास्त लागतो, पण झाडाला वेळेचं काही नाही.

वडाच्या पारंब्यांची काळजी वेगळी घ्या. मातीत पोचलेल्या पारंब्या भक्कम असतात, पण हवेत लोंबणाऱ्या कोवळ्या पारंब्यांची तपकिरी टोकं कपड्याला घासली तरी तुटतात. कागदी स्ट्रॉ उभी चिरून पारंबीवर चढवा आणि दोऱ्याने सैल बांधा. आत ओल्या मॉसचा धागा ठेवलात तर टोक सुकत नाही. पोचल्यावर स्ट्रॉ काढा.

तुमचा जूनअखेरचा मुहूर्त मात्र उत्तम आहे. वटपौर्णिमा होऊन गेली आणि पहिले दोन पाऊस पडले की वडाच्या कुळातली झाडं जोमात असतात. तुटलेलं मूळ पंधरा दिवसांत भरून काढतात. हेच मेमध्ये केलं असतं तर मी नको म्हटलं असतं. आणि मनाला आणखी आधार हवा असेल तर वडाची एक गुटी इथेच बांधा. अंगठ्याएवढ्या जाडीच्या फांदीची साल दीड इंच गोल काढायची, ओलं मॉस लावून वर प्लॅस्टिक बांधायचं. पावसाळ्यात महिना-दीड महिन्यात मुळं धरतात. मग ती फांदी कापून शेजारच्या कुणाकडे ठेवायला हवी, कारण ती फांदी झाडाबरोबर गेली तर तिचा इथे उपयोग नाही. म्हणजे असं करा: गुटी आत्ताच, मेच्या शेवटी बांधा, पाणी मारत राहा, आणि निघताना ती कापून इंदूरलाच ठेवा. त्याच सासऱ्यांच्या वडाचं एक रोप शेजारच्या अंगणात राहील. मुळं पुरेशी आली नसतील तर फांदी झाडावरच ठेवा, बांधलेली गुटी गाडीतून सुखाने जाते.

पोचल्यानंतरच्या तीन आठवड्यांत झाडं जास्त दगावतात, म्हणून हे नीट वाचा. बेंगळुरू विमानतळ देवनहळ्ळीला, शहरापासून पस्तीस-चाळीस किलोमीटरवर. गर्दीत घरी पोचायला उड्डाणाइतकाच वेळ लागेल. घरी गेल्यावर चहाच्या आधी खोकं उघडा. सुतळी मात्र लगेच सोडू नका, आठवडाभर राहू द्या. झाड सकाळचं कोवळं ऊन आणि बाकी दिवस उजेडाची सावली मिळेल अशा जागी ठेवा. इंदूरला ते गच्चीवर भर उन्हात होतं म्हणून तिकडेही पहिल्याच दिवशी उन्हात ठेवायचं नाही. फ्लॅटची बाल्कनी वरच्या मजल्यावर असेल तर वारा बघा, बेंगळुरूचा पावसाळी वारा कुंडी सहज लोटतो.

फायकसची पानं आठ-पंधरा दिवसांत गळायला लागतील. घाबरू नका, उजेड आणि हवा बदलली की ते पानं टाकतंच. खोडावर नखाने बारीक ओरखडा काढा. आतून हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे. याच वेळी बहुतेक जण आगीतून फुफाट्यात जातात: पानं गळताहेत म्हणून पाणी वाढवतात, खत घालतात, कुंडी बदलतात. पानं कमी झाली म्हणजे झाडाची पाण्याची गरजही कमी झाली. मातीत बोटाचं एक पेर घालून बघा. कोरडं लागलं तरच पाणी. खत महिनाभर नाही. आपल्याकडे नळाला नर्मदेचं पाणी येतं. तिकडे सोसायटीत बोअरचं असेल तर ते जड असू शकतं, कुंडीच्या काठावर आणि खोडावर पांढरा थर धरतो. पावसाचं पाणी बादलीत धरून वापरा, जुलैत ते भरपूर मिळेल.

उरलं न्यू जर्सी. अमेरिकेत मातीसकट झाड जाऊच शकत नाही. मुळं धुऊन माती पूर्ण काढली तरी बोन्सायसाठी त्यांचा स्वतंत्र नियम आहे: झाड निर्यातदार देशाच्या सरकारकडे नोंदलेल्या नर्सरीत, कीटकरोधक घरात, निदान दोन वर्षं वाढवलेलं हवं. शिवाय आपल्या वनस्पती संगरोध खात्याचं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे झाडावर कीड-रोग नसल्याचा दाखला, आणि तिकडची परवानगी. गच्चीवर वाढलेला घरचा वड यात कुठेच बसत नाही. युरोपातही १४ डिसेंबर २०१९ पासून कुठल्याही जिवंत रोपाला हे सर्टिफिकेट लागतं. सामानात लपवून न्यायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. झाड तिथे नष्ट करतात आणि वर दंड होतो. बियांनाही नियम आहेत, त्यामुळे ती पळवाटही नाही.

मुलाला बोन्सायची आवड असेल तर त्याला तिकडच्याच नर्सरीतून फायकस घ्यायला सांगा, ते घरातल्या उबेत हिवाळा काढतं. तुम्ही इथून कुंडी न्या. सासऱ्यांच्या वेळची एखादी जुनी रिकामी कुंडी असेल तर ती ब्रशने घासून, भोकांतली माती टोचून काढून, उन्हात खडखडीत वाळवून, दोन स्वेटरांत गुंडाळून चेक-इन बॅगेत टाका. मातीचा कण राहिलेला नसावा, आणि तिकडच्या कस्टम्सने विचारलं तर कुंडी बाहेर काढून दाखवायची तयारी ठेवा.